दुसऱ्यांची गाणी वाजवणारा बँड: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-४०२ (कमिटी), शनि. रात्री ८.१०
नमस्कार मंडळी. गणपतीच्या चौथ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी गेल्या वर्षीच्याच ऑर्केस्ट्राला बोलवायचं की दुसरं काही करायचं, उद्या रात्रीपर्यंत मत द्या.

सी-२०४ (धाकटा), ८.१६
माझं मत ऑर्केस्ट्रा नको. चांगले वाजवतात, पण सगळी दुसऱ्यांची गाणी. स्वतःची गाणी करणाऱ्या एखाद्या नव्या बँडला संधी देऊ या.

सी-३०१ ताई, ८.१९
नव्यांना संधी द्यावी हे पटतं. पण आईंना आणि त्यांच्या मैत्रिणींना ओळखीची गाणी हवी असतात रे.

ए-५०२ काका, ८.३१
बाळा, "दुसऱ्यांची गाणी" हे वाचलं आणि राहवेना. जेवण उरकून सविस्तर लिहितो.

ए-५०२ काका, ९.२४
१९९१ चा एप्रिल. आमचं जहाज जमैकात पोर्ट एस्किव्हेलला अल्युमिना भरायला लागलं होतं. मी थर्ड इंजिनियर. सुट्टी मिळाली तसे आम्ही तिघं किंग्स्टनला गेलो. रस्त्यावर कार्निव्हल चालू होता. एका भल्यामोठ्या ट्रकवर बँड, पितळी वाद्यांची अख्खी रांग, आणि मागे नाचत चाललेली हजारो माणसं. बँडचं नाव बायरन ली अँड द ड्रॅगनेअर्स. रात्री जहाजावर परत आलो तरी इंजिनरूमच्या आवाजात मला तोच ठेका ऐकू येत होता. तेव्हापासून या बँडबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

बायरन ली १९३५ चे, क्रिश्चियाना गावचे. वडील चिनी वंशाचे, आई आफ्रिकी वंशाची जमैकन. किंग्स्टनच्या सेंट जॉर्जेस कॉलेज या शाळेत मित्र कार्ल ब्रेडीबरोबर फुटबॉल खेळता खेळता १९५० च्या सुमारास बँड काढला. नावही फुटबॉलच्या संघाचंच. सुरुवातीला काय वाजवायचे? मेंटो हे जमैकाचं लोकसंगीत, त्रिनिदादचं कॅलिप्सो, अमेरिकेतली नाचायची गाणी. म्हणजे सगळं दुसऱ्यांचंच. पुढे १९६२ मध्ये जेम्स बाँडच्या पहिल्या सिनेमाचं चित्रण जमैकात झालं, त्यात क्लबमधे वाजवताना दिसतो तो हाच बँड. त्याच वर्षी ऑगस्टमधे देश स्वतंत्र झाला.

ए-५०२ काका, ९.३३
तेव्हा वेस्ट किंग्स्टनच्या गरीब वस्तीत 'स्का' नावाचं नवं संगीत तयार झालं होतं. वरच्या आळीतल्या क्लबांत त्याला कुणी विचारत नव्हतं. एडवर्ड सीगा, जे पुढे पंतप्रधान झाले, त्यांनी लींना तिकडे लक्ष द्यायला लावलं. बँड त्या वस्तीत गेला, ऐकलं, शिकला आणि तेच क्लबांत वाजवायला लागला. स्कातून रॉकस्टेडी निघालं, त्यातून रेगे, आणि बँड प्रत्येक वळणावर हजर होता. जमैकात विजेवरची बेस गिटार आणण्याचं श्रेयही लींनाच देतात. स्वतः तीच वाजवायचे. रेगेतून बेस काढून टाकला तर उरतं काय, सांगा.

बी-१०३ तबला सर, ९.४१
काका, तुमचा जीव त्यात आहे हे कळतंय, तरी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जमैकाने स्का दाखवायला बँड नेला तो ड्रॅगनेअर्सचा. ज्यांनी ते संगीत घडवलं ते 'स्कॅटलाइट्स' बँडचे वादक घरीच राहिले. त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक ही माणसं अल्फा बॉइज स्कूलमधे, गरिबांच्या मुलांसाठी नन चालवायच्या त्या शाळेत वाद्य शिकलेली. ड्रमंडचा ट्रॉम्बोन ऐका एकदा. परदेशी पाहुण्यांसमोर मात्र नीटनेटका, वरच्या आळीतला बँड उभा केला गेला. हे मला आजही बोचतं.

ए-५०२ काका, ९.४८
सर, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो अन्यायच होता. लींवर हा आरोप आयुष्यभर राहिला आणि त्यात तथ्य आहे. जिमी क्लिफ, मिली स्मॉल, प्रिन्स बस्टर हे गायक न्यूयॉर्कला होते, पण वादक ते नव्हते ज्यांनी ती चाल जन्माला घातली.

दुसरी बाजूही सांगतो. १९६६ मधे जमैकाची पहिली फेस्टिव्हल गीतस्पर्धा 'मेटल्स' या गायकांच्या त्रिकुटाने जिंकली, तेव्हा त्यांच्यामागे वाजवणारा बँड ड्रॅगनेअर्सच होता. सीगांनी सुरू केलेली रेकॉर्ड कंपनी लींनी घेतली, तिचा 'डायनॅमिक साउंड्स' स्टुडिओ झाला. १९७२ च्या अखेरीला रोलिंग स्टोन्स हा जगप्रसिद्ध इंग्लिश रॉक बँड तिथे रेकॉर्डिंगला आला. किंग्स्टनच्या स्टुडिओत जगाने यावं, अशी सोय या माणसाने उभी केली.

सी-२०४ (धाकटा), ९.५५
काका, मग कार्निव्हलमधे वाजतं ते 'सोका' संगीत कुठून आलं? ते जमैकाचं नाही ना?

ए-५०२ काका, १०.०२
नाही, त्रिनिदादचं. सर, आता हे तुमच्यासाठी. लॉर्ड शॉर्टी नावाचा कॅलिप्सो गायक दक्षिण त्रिनिदादमधे, भारतीय वस्तीच्या गावात वाढला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिप्सो मरत चाललंय असं सगळे म्हणत होते. त्याने त्यात ढोलक, तबला आणि धनताल घातले. धनताल म्हणजे लोखंडी सळी आणि तिच्यावर वाजवायची नालासारखी कडी, तिकडच्या भारतीयांचं वाद्य. शॉर्टी आधी 'सोकाह' असं लिहायचा आणि त्यातला 'क' भारतीय वर्णमालेतला आहे असं सांगायचा.

बी-१०३ तबला सर, १०.०६
काय सांगताय! आपला 'क'?

ए-५०२ काका, १०.०९
हो सर. १८४५ ते १९१७ मधे सुमारे १ लाख ४० हजार माणसं करारावर मजूर म्हणून त्रिनिदादला गेली. आपल्याकडची फारशी नव्हती, बहुतेक भोजपुरी मुलखातली. उसाच्या मळ्यात राबताना त्यांनी ढोलक जपला, आणि तो शंभर-सव्वाशे वर्षांनी सोकाच्या पोटात गेला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

माइटी स्पॅरो हा त्रिनिदादचा मोठा कॅलिप्सो गायक लींचा मित्र. त्याच्या सहवासामुळे १९७४ पासून बँड हळूहळू रेगेकडून कॅलिप्सो आणि सोकाकडे वळला. वयाच्या चाळिशीत, नाव झालेलं असताना, पुन्हा शिकायला बसायचं. ऐंशीच्या दशकात 'टायनी वायनी' या गाण्याने सगळं कॅरिबियन नाचवलं. १९९० साली लींनी किंग्स्टनमधे कार्निव्हल रस्त्यावर आणला. "हे त्रिनिदादचं, आपलं नाही" अशी टीका झाली. पुढच्याच वर्षी मी तिथे होतो. त्या रस्त्यावर "आपलं नाही" असं म्हणणारं मला कुणी भेटलं नाही.

ए-१०१ आजोबा, १०.१५
१९७१ मध्ये गावसकरांवर त्रिनिदादच्या एकाने गाणं केलं होतं. ते याच जातीचं का?

ए-५०२ काका, १०.१८
आजोबा, बरोबर! लॉर्ड रिलेटरचं कॅलिप्सो. गावसकरांनी ४ कसोटींत ७७४ धावा केल्या, आमच्या बॉलरांना ते बादच होईनात, असं वेस्ट इंडीजच्या माणसाने मोकळ्या मनाने गायलं. सोकाचा बाप म्हणजे हेच कॅलिप्सो.

ए-१०१ आजोबा, १०.२४
मडगावच्या सरदेसाईंनी ६४२ केल्या होत्या. वाडेकर कॅप्टन. पोर्ट ऑफ स्पेनची मॅच जिंकलो तेव्हा चाळीत पेढे वाटले होते. ते गाणं मात्र मी अजून ऐकलेलं नाही.

सी-३०१ ताई, १०.२९
काका, बायरन ली आहेत का अजून?

ए-५०२ काका, १०.३३
नाहीत ताई. ४ नोव्हेंबर २००८ ला गेले, कॅन्सरने. त्याआधी काही दिवस 'ऑर्डर ऑफ जमैका' हा सन्मान त्यांना हॉस्पिटलमधेच देण्यात आला. मुलीने बँड पुढे चालू ठेवला. शाळेतल्या पोरांनी काढलेला बँड साठ वर्षांच्या पुढे गेला. माणसं बदलली, गायक बदलले, पण नाचणारी माणसं काय ऐकतायत याकडे त्यांचा कान लागलेला राहिला. आपला ऑर्केस्ट्रा हेच करतो, म्हणून मला त्यांची किंमत आहे.

बी-१०३ तबला सर, १०.४१
काका, मग माझी एक विनंती आहे. ऑर्केस्ट्रा बोलवा, माझी ना नाही. पण प्रत्येक गाण्याआधी निवेदकाने संगीतकार, गीतकार आणि शक्य असेल तिथे मूळ वादकांची नावं घ्यावीत. आपल्याकडे गायकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. ढोलकी कुणी वाजवली, बासरी कुणाची, कुणी विचारत नाही. स्कॅटलाइट्सचं जे झालं ते निदान आपल्या मंडपात नको.

सी-२०४ (धाकटा), १०.४४
सर, हे असेल तर माझं मत ऑर्केस्ट्राला. गाण्यांची यादी मिळाली की नावं मी शोधून काढतो. पण तुम्ही तपासून द्या.

बी-१०३ तबला सर, १०.४६
रोज संध्याकाळी ७ नंतर घरी असतो. ये.

बी-४०२ (कमिटी), रवि. सकाळी ९.०५
ऑर्केस्ट्राच्या संचालकांशी आत्ताच बोललो. नावं घ्यायला आनंदाने तयार आहेत. त्यांचा ढोलकीवाला ३२ वर्षं त्यांच्याकडे आहे, त्याचंही नाव घ्या म्हणाले. यादी बुधवारी येईल.

सी-२०४ (धाकटा), ९.१२
आजोबा, गावसकरांचं गाणं मिळालंय. ११ वाजता स्पीकर घेऊन येतो तुमच्याकडे.

ए-१०१ आजोबा, ९.१४
ये. दार उघडंच आहे. काकांनाही आण.