जमिनीवर बसून होणाऱ्या भजनाच्या घरगुती ध्वनिमुद्रणासाठी मजबूत माइक स्टँड कोणता घ्यावा?

पेटीवाला_वेंगुर्ले (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर वेंगुर्ल्याजवळ, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या या जुन्या घराच्या माजघरात आमच्या भजनी मंडळाचे गायन मी ध्वनिमुद्रित करू लागलो आहे. बुवा पेटी घेऊन जमिनीवर बसतात, त्यांच्या डावीकडे पखवाज असतो आणि मागे टाळकरी. बुवांचा आवाज आणि पेटी यांसाठी मोठ्या पडद्याचा एक कंडेन्सर माइक आहे. शॉकमाउंटसह (माइकला लवचीक दोऱ्यांवर झुलता धरणारी चौकट) तो सुमारे ७०० ग्रॅम भरतो. पखवाजासाठी शुअर कंपनीचा एसएम५८ हा माइक वापरतो.

अडचण आहे ती स्टँडची. सध्याचा तिपाई स्टँड हलका आहे. बूम, म्हणजे वरचा आडवा दांडा, पुढे काढून माइक बुवांच्या तोंडासमोर आणला की सांध्याची कळ कितीही आवळली तरी अभंग संपेपर्यंत माइक चार बोटे खाली झुकलेला असतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर जोरात थाप पडली की कंडेन्सरच्या मुद्रणात एक बोजड हादरा उतरतो, आणि एका पावसाळ्यातच स्टँडच्या नळीवर गंजाचे ठिपके उमटले आहेत. तिपाई घ्यावी की गोल वजनदार बेसचा स्टँड, टेबलाला अडकवायचा स्प्रिंगचा हात आमच्या कामाचा आहे का, आणि चांगला शॉकमाउंट घेतल्यास हादरा जाईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. एकूण पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

निवेदक_रत्नागिरी

मी घरी कथावाचन मुद्रित करतो आणि माझा अनुभव स्प्रिंगच्या हाताच्या बाजूने आहे. स्टँड पायात येत नाही, माइक हवा तेव्हा पुढे ओढता येतो आणि काम झाले की भिंतीकडे सारता येतो. मात्र असा हात घेताना तो किती वजनासाठी बनवलेला आहे हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण त्याला कमाल मर्यादेप्रमाणे किमान मर्यादाही असते. रोड कंपनीच्या मूळ पीएसए१ या हाताची मर्यादा ७०० ग्रॅम ते १.१ किलो अशी दिलेली आहे. त्यावर ३०० ग्रॅमचा माइक लावला तर स्प्रिंगचा जोर अधिक पडून हात आपोआप वर चढतो. तुमच्या माइकचे वजन त्या मर्यादेत जेमतेम बसते. टेबलाची कड किती जाड आहे तेही आधी मोजून घ्या. आपल्याकडच्या जुन्या फणसाच्या किंवा सागाच्या टेबलांना खाली जी पट्टी असते, ती धरून हात टेबलाला आवळणाऱ्या शिकंज्याचा जबडा पुरेलच असे नाही.

जांभा_आणि_माड

वरील सल्ला कथावाचनासाठी योग्य आहे, पण प्रश्नकर्त्यांना तो लागू पडत नाही असे मला स्पष्टपणे वाटते, कारण त्यांच्याकडे टेबलच नाही. माइक स्टँडविषयी जे काही लिहिले जाते ते बहुतेक खुर्चीवर बसणाऱ्या किंवा उभ्याने गाणाऱ्या माणसाला गृहीत धरून लिहिलेले असते. आपला बुवा मांडी घालून बसतो. त्याचे तोंड जमिनीपासून साधारण ७० ते ८० सेंटिमीटरवर असते, तर पूर्ण उंचीच्या तिपाई स्टँडची उभी नळी सगळी आत सारली तरी बहुधा ९० सेंटिमीटरच्या खाली येत नाही. मग आपण काय करतो, तर उंच खांबावरून बूम तिरका खाली सोडतो, मध्ये पेटी असल्यामुळे तो लांबही काढतो, आणि वर सांधा झुकतो म्हणून तक्रार करतो. तुमच्या स्टँडच्या दुखण्याचे मूळ मला सांध्याच्या दर्जाइतकेच या रचनेत दिसते.

हिशेब साधा आहे. ७०० ग्रॅमचा माइक सांध्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर त्याला तोलण्यासाठी मागच्या बाजूला २० सेंटिमीटरवर २.१ किलो वजन लागते, आणि यात बूमचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. मागे वजन नसेल तर तो सगळा पीळ सांध्यातल्या घर्षणाला पेलावा लागतो. स्वस्त स्टँडमध्ये त्या ठिकाणी दोन प्लॅस्टिकच्या चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात; दमट हवेत घामट हातांनी आवळून आवळून त्या गुळगुळीत होतात. हेच अंतर ३० सेंटिमीटरवर आणले तर पीळ निम्मा होतो आणि तोच सांधा निमूटपणे माइक धरून ठेवतो. म्हणून माझे मत असे की बुटका स्टँड घ्यावा, त्याचा बेस जड असावा आणि बूम जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवावा. बास ड्रमसमोर ठेवण्यासाठी जे बुटके स्टँड मिळतात, ते आपल्या बैठकीच्या गायनाला उंचीने फार सोयीचे पडतात. दुकानात पाहताना सांधा धातूचा ओतीव आहे का, आवळायला लहान गोल कळीऐवजी आडवी मूठ आहे का, आणि चकत्यांमध्ये रबर किंवा फेल्टसारखा पकड घेणारा थर आहे का, हे हाताळून पाहा. रंगरूपापेक्षा या एका जागेवर पैसे खर्च झालेले असावेत.

तिपाई की गोल बेस, याचे उत्तर तुमच्या जमिनीवर अवलंबून आहे. तीन पाय कोणत्याही उंचसखल जागेवर डुगडुगत नाहीत, त्यामुळे सारवलेल्या किंवा खडबडीत जमिनीवर तिपाईला तोड नाही. गोल बेस मात्र लादी सपाट असेल तरच नीट बसतो. तिपाई घेतलीत तर बूम नेहमी तीनपैकी एका पायाच्या बरोबर वर, त्याच दिशेने ठेवा. दोन पायांच्या मधल्या दिशेला कलंडण्याची रेषा खांबापासून पायाच्या पसाऱ्याच्या निम्म्या अंतरावरच असते. अनेकांचे स्टँड पडतात ते याच कारणाने, आणि दोष मात्र घरातल्या लहान मुलांना लागतो.

आता हादऱ्याविषयी. पखवाज जमिनीवर असतो, कणीक लावलेली डावी पुडी खोल नाद देते आणि तो कंप जमिनीतून स्टँडच्या पायांत व तिथून माइकपर्यंत चढतो. शॉकमाउंट हा कंप अडवतो, पण त्याच्या लवचीक दोऱ्या माइकच्या वजनाला जुळणाऱ्या असतील तरच. ढोबळमानाने सांगायचे तर माइकच्या वजनाने त्या १ सेंटिमीटर लवत असतील तर त्या झुल्याची स्वतःची कंपनसंख्या सुमारे ५ हर्ट्झ येते. केवळ १ मिलिमीटर लवत असतील तर ती १६ हर्ट्झच्या आसपास जाते. हा आकडा जितका खाली, तितका वरच्या कंपांपासून बचाव चांगला. बोटाने हलके ढकलून माइक सावकाश डोलतो की ताठर राहतो ते पाहा. दोऱ्या अगदी सैल होऊन माइकचे अंग चौकटीला टेकत असेल तर शॉकमाउंट असून नसल्यासारखाच आहे. याखेरीज केबल ताणलेली असली तर सगळा कंप तिच्यातूनच माइकमध्ये जातो, म्हणून माइकखाली केबलचा एक सैल वळसा सोडून मग ती खांबाला बांधा.

एवढे करूनही लक्षात ठेवा की पखवाजाचा हवेतून येणारा आवाज कोणताही शॉकमाउंट थांबवू शकत नाही. तुम्हाला ऐकू येणारा हादरा जमिनीतून येतो की हवेतून, हे आधी तपासा. माइक स्टँडवरून काढून, त्याच जागी जाड घडीच्या गोधडीवर हाताने धरून, पखवाजावर थाप मारायला सांगा. हादरा तसाच राहिला तर पैसे स्टँडवर नकोत, पखवाजाची जागा बदलण्यावर विचार करा आणि ध्वनिमुद्रणात ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारी गाळणी बुवांच्या माइकला लावा.

खारेवारे_मालवण

जांभा_आणि_माड यांच्या उत्तरात गंजाचा मुद्दा राहिला आहे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तो टाळता येत नाही. चकचकीत क्रोमचा मुलामा दिसायला टिकाऊ वाटतो, पण त्यात सूक्ष्म छिद्रे व भेगा असतात. खारा ओलावा तिथून आत शिरतो आणि खालचे पोलाद गंजून मुलाम्याला फोड येतात. भट्टीत भाजलेला जाड पावडर लेप जोपर्यंत खरचटत नाही तोपर्यंत अधिक टिकतो, मात्र नळी आत-बाहेर सरकते तिथे तो लवकर झिजतो. स्टेनलेस स्टीलमध्ये ३१६ या प्रतीत मॉलिब्डेनम असल्यामुळे ती ३०४ पेक्षा खाऱ्या हवेत सरस ठरते, पण तयार स्टँडमध्ये ती सहसा मिळत नाही. ॲल्युमिनियम तांबूस गंजत नाही, तरी पोलादी स्क्रूशी जिथे त्याचा संपर्क येतो तिथे पांढरी भुकटी धरून सांधे अडकतात.

उपाय असा की मुद्रणानंतर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने स्टँड पुसावा आणि लगेच कोरड्या फडक्याने कोरडा करावा. नुसते कोरडे पुसल्याने मीठ निघत नाही आणि ते मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. आट्यांना पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्या. शिलाई यंत्राचे तेल बाहेरच्या नळीला चालेल, पण सांध्याच्या चकत्यांना आणि उंची आवळणाऱ्या क्लचला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. तिथे घर्षण हेच काम करत असते. पावसाळ्यात स्टँड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती या बाबतीत घातक आहे, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही. सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी उभा ठेवा. शॉकमाउंटच्या रबरी दोऱ्याही काही काळाने चिरतात, म्हणून ज्याच्या दोऱ्या सुट्या मिळतात असाच शॉकमाउंट निवडा.

टेबलाच्या हाताविषयी एवढेच सांगतो की ज्यांच्या स्प्रिंगा उघड्या असतात, त्या आमच्याकडे सर्वांत आधी तांबूस होतात.

लेथवाला_कुडाळ

पाच हजारांत तयार वस्तू शोधण्याआधी एक पर्याय सुचवतो. ३० सेंटिमीटर व्यासाची आणि १० मिलिमीटर जाडीची पोलादी चकती सुमारे साडेपाच किलो भरते. कोणताही फॅब्रिकेशनवाला ती कापून, मधोमध नळी बसवून देईल, आणि बुटक्या स्टँडला त्यापेक्षा अधिक वजनाची गरज नाही. चकतीच्या खाली कडेला तीन जाड रबरी बूड लावली की ती उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. अर्थात मग तिला तिपाईचाच नियम लागू होतो, म्हणजे बूम एका बुडाच्या दिशेने हवा. रंगापूर्वी झिंकयुक्त प्रायमर मारून घ्या आणि कापलेल्या कडेला तो नीट लागला आहे ना ते पाहा. गंजाची सुरुवात तिथूनच होते.

गोंधळ होतो तो आट्यांत. माइकच्या बहुतेक क्लिप व शॉकमाउंट ५/८ इंची, इंचाला २७ आटे या मापाचे असतात. युरोपीय पद्धतीच्या स्टँडच्या टोकाला ३/८ इंची, इंचाला १६ आटे असतात. कॅमेऱ्याच्या तिपाईला १/४ इंची, इंचाला २० आटे येतात. हार्डवेअरच्या दुकानात तीन सुती (एक सूत म्हणजे १/८ इंच) आट्यांची सळई मागितली तर जी मिळते तिला इंचाला १६ आटेच असतात आणि ती ३/८ च्या जागी काम भागवते. पाच सुती बोल्ट मात्र आणू नका. व्यास तोच असला तरी त्याला इंचाला ११ आटे असतात आणि जबरदस्तीने फिरवल्यास शॉकमाउंटचे आटे मरतात. त्यापेक्षा नळीच्या टोकाला तीन सुती सळईचा तुकडा बसवून त्यावर ३/८ वरून ५/८ करणारा पितळी बुश लावा. तो वाद्यांच्या दुकानात सहज मिळतो आणि पितळ असल्यामुळे खाऱ्या हवेत जाम होत नाही.

पेटीवाला_वेंगुर्ले

सर्वांचे मनापासून आभार. गोधडीचा प्रयोग आज करून पाहिला. हादरा बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही, म्हणजे काही भाग जमिनीतून येतो हे नक्की. माजघराची जमीन कोब्याची असून बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे चकती करून घेण्याचे ठरवतो आहे. दोन शंका उरल्या. चकतीखाली रबराऐवजी काथ्याची पायपुसणी चालेल का? आणि जुन्या तिपाईला तात्पुरते वजन म्हणून वाळूची पिशवी टांगावी का?

जांभा_आणि_माड

काथ्याची पायपुसणी फार दाट आणि कडक असते, तिचा उपयोग थोडाच होईल. त्यापेक्षा तीन बुडांखाली मऊ रबराचे जाड तुकडे ठेवा आणि पखवाजाखालीही जाड घोंगडी दुमडून घाला. कंप जिथून निघतो तिथेच तो कमी करणे अधिक फायद्याचे असते. वाळूची पिशवी जरूर टांगा, पण ती खांबाच्या तळाशी, पाय जिथे एकत्र येतात तिथे, जमिनीला टेकेल न टेकेल अशी. बूमच्या मागच्या टोकाला टांगायची असेल तर ती वेगळी आणि लहान हवी, कारण तिचे काम तोल साधण्याचे आहे.

खारेवारे_मालवण

वाळू नदीची घ्या. किनाऱ्यावरची आणलीत तर पिशवीतून झिरपणारे मीठ स्टँडचे पाय खाऊन टाकेल.