वाघासमोर बारा बोअरची दुनळी की ३७५ची रायफल?

धुऱ्यावरचा
परवा आमच्या शिवारात (सिंदेवाहीकडे, गावाचं नाव राहू द्या) वाघानं धुऱ्यावरची गाय ओढून तुरीत नेली. संध्याकाळी वन विभागाची गाडी आली. माणसं सहा, काठ्या चार, एक भोंगा, फटाक्यांची माळ. तेवढ्यावर ती पोरं तुरीत शिरली. त्यांच्या हिमतीला सलाम, पण त्यांना तसं पाठवणाऱ्याला काय म्हणायचं?

२०२५च्या मे महिन्यात याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघानं एकाच दिवशी मारल्या. तरी आपण अजून भोंग्यावरच. डार्ट (बेशुद्धीच्या औषधाची सुई) लागला म्हणून वाघ जागेवर झोपत नाही, औषध चढायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात तो उलटला तर?

माझं मत सरळ आहे. प्रत्येक पथकासोबत ३७५ मॅग्नम रायफल (नळीचं भोक ०.३७५ इंच) आणि ती चालवणारा माणूस हवाच. डार्ट मारणाऱ्याची पाठ राखायला, शिकारीला नव्हे. १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरनं निघते, गव्याच्या खांद्याचं हाड फोडून आत जाते. आफ्रिकेत काही देशांत धोक्याच्या जनावराला किमान ३७५ असा नियमच आहे. बारा बोअरवाल्यांनी, म्हणजे गुळगुळीत नळीच्या दुनळीवाल्यांनी, राग मानू नये.

बांधावरची दुनळी
राग कायले मानू भाऊ, पन तुरीत दहा पावलांपुढचं दिसत नाई, तिथं तुमची साडेसातशे मीटरवाली काय करनार? दुर्बीण लावून पाहत बसान, तवरिक तो छातीवर. आमच्या आज्याची दुनळी अजून घरी हाय. दोन नळ्या, दोन घोडे, लगेच दुसरा बार. खांद्याले लावली का आपोआप जनावरावर जाते. जवळच्या मारासाठी याच्यासारखी वस्तू नाई. अस्वल तं तोंडावरच येते, त्याले नेम धराले वेळ कोन देते?

अन् इंग्रज काय वेडे होते? त्याइनं पॅराडॉक्स नावाची बंदूकच काढली होती १८८०च्या दशकात. आतून गुळगुळीत, फक्त तोंडापाशी आटे, म्हंजे गोळीले फिरकी देनाऱ्या खाचा. छर्रेबी मारा अन् गोळीबी. हिंदुस्थानात लय चालली ते.

जुना बीटगार्ड
पॅराडॉक्स चालली ती गोळीसाठी. तुमच्या दुनळीत तुम्ही काय भरता? एल.जी., म्हणजे मोठे छर्रे, ना? खरं सांगा.

बारा बोअर म्हणजे नळीत बसणाऱ्या बारा गोळ्यांचं शिसं एक पौंड. म्हणजे एक गोळी साधारण ३८ ग्रॅमची. आठ बोअरची ५७, चार बोअरची ११३. बंदुकीच्या काळ्या दारूनं वेग वाढवता येत नव्हता, म्हणून हत्ती-गव्यासाठी साहेब लोक वजन वाढवत गेले आणि असली धूडं खांद्यावर आली. धूर न करणारी दारू आली, तशी बारीक नळीच्या रायफलींनी या धुडांना घरी बसवलं. बारा बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटर, ३७५ची साडेनऊ. भोक निम्मं, पण मार खोल. एल.जी.चे छर्रे तर सुटे सुटे जातात, कातडी-चरबीत अडकतात.

आमच्या बीटात एकानं रानडुकराला एल.जी. घातला. डुक्कर गेलं धानात. सकाळी त्याचाच चुलतभाऊ पाणी बघायला गेला, मांडी हाडापर्यंत फाटली. पस्तीस टाके. ते तर डुक्कर होतं. जखमी वाघ पाहिला नसेल कोणी तर पाहूही नये.

पण धुऱ्यावरचे दादा, तुमचंही पटत नाही. ३७५चा धक्का खांद्यानं सहा महिन्यांत एकदा खाल्ला तर माणूस पुढच्या वेळी घोडा दाबताना डोळे मिटतो. नेमाचा सराव नसेल तर मोठी रायफल म्हणजे मोठा आवाज.

हिशेबी
कायद्याचं कोणी बोलत नाही म्हणून मी. १९५९च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची, आणि संरक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची सोय आहे. रायफलीची वाट वेगळी नि लांब. ३०३ बोअरची रायफल तर प्रतिबंधित, म्हणून गावात ३१५ दिसते. सरकारला आपल्या हातातल्या नळीची धास्ती जुनीच. १९०७ मध्ये इंग्रजांनी ४५० बोअर (इथं आकडा इंचाचा, ०.४५०) हिंदुस्थानात आणायला बंदी घातली, म्हणून बंदूकवाल्या कंपन्यांनी ४६५, ४७० असे बोअर काढले.

आणि वाघ मारायचा निर्णय गावाचा नाहीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ : पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हलवता येत नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली तरच. जीव वाचवताना मारला तर गुन्हा नाही, पण ते नंतर सिद्ध करत बसा.

आता आपल्याकडचंच बघा. ब्रह्मपुरीच्या वाघिणीला मारायचा आदेश निघाला आणि ऑक्टोबर २०१७मध्ये ती वर्धा जिल्ह्यात कुंपणाच्या करंटनं मेली. पांढरकवड्याची टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री गोळीनं मेली, त्यावर भांडण झालं ते डार्टचं आणि परवानगीचं, बोअरचं कोणी विचारलं नाही. राजुऱ्याचा आरटी-१ वाघ मात्र २०२०मध्ये जिवंत पकडला. तिन्हीत बंदुकीची जाडी कुठं आडवी आली?

धुऱ्यावरचा
आरटी-१ पकडायला किती महिने लागले आणि तोवर किती माणसं गेली, तेही लिहा की.

मोहफूलवाली
सगळे भाऊ नळ्यांवर बोलून राहिले. मी दरवर्षी मोहफुलाला जाते. वाघ मागून येतो. आपण खाली वाकलेलो, एका हातात टोपली. माझ्या चुलतसासूला कळलंसुद्धा नाही, बाजूची बाई ओरडली तेव्हा ती पंधरा हात दूर झुडपात गेलेली. तिथं तीनशे पंचाहत्तर काय अन् बारा काय, बंदूक उचलायला वेळ कोणाला? सरकार माणूस गेल्यावर २५ लाख देते. त्यातले थोडे आधीच घाला, पहाटे झाडाखाली दोन माणसं राखणीला उभी करा. आम्ही वेचतो, ते बघतील.

बांधावरची दुनळी
वैनी बरोबर हाय. पन राखनदाराच्या हाती काय, काठीच का?

धुऱ्यावरचा
वहिनी, मी तुमच्या हातात रायफल देत नाहीये. तुरीत शिरणाऱ्या पोराच्या मागं उभं राहणाऱ्याच्या हातात मागतोय. बीटगार्ड काका, सरावाचं मान्य. सराव द्या मग.

जुना बीटगार्ड
कुठून देणार? माझ्या अख्ख्या नोकरीत सरावाला मिळालेली काडतुसं दोन्ही हातांच्या बोटांवर संपतात. ३७५चं एक काडतूस केवढ्याला पडतं ते विचारा, मग साहेब महिन्याला वीस मंजूर करतील का ते सांगा. ते होत असेल तर मी पहिला तुमच्या बाजूचा. नसेल तर त्या पोराला काठीच बरी. निदान काठी घेतलेला माणूस जपून पाय टाकतो.

बांधावरची दुनळी
काका, हे मातर पटलं नाई. पन वाद कोन घालते. आमची दुनळी निवडणुकीले ठान्यात जमा केली ते अजून तिथंच हाय. दोनदा गेलो. पहिल्यांदा म्हनले साहेब सुट्टीवर. दुसऱ्यांदा म्हनले मालखान्याची चाबी सापडून नाई राहिली.