शब्दचर्चा: 'सोशल क्रेडिट' म्हणजे श्रेय, गुण की पत?

चीनच्या माहिती-संरक्षण कायद्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. 'सोशल क्रेडिट'साठी (माणसं नि कंपन्या किती भरवशाच्या, हे जोखायची तिथली सरकारी व्यवस्था) 'सामाजिक श्रेय' लिहिलं आणि माझं मलाच खटकलं. शिवाय 'पर्सनल इन्फर्मेशन'ला काय म्हणू? खासगी माहिती, वैयक्तिक माहिती की विदा (म्हणजे डेटा)?

— श्रेय नकोच. श्रेय लाटता येतं, पण ते बुडत नाही. इथे पत हवी. मूळ चिनी शब्द 'शिनयोंग'. वाणी ज्या भरवशावर उधारीची वही उघडतो, तो भरवसा. 'शिन'च्या चिन्हात डावीकडे माणूस आहे नि उजवीकडे बोलणं. आपल्या 'शब्दाला जागणारा'च्या अगदी जवळचं. पतपेढीतली पत आणि 'चारचौघांत पत उरली नाही' मधली पत आपल्याकडे एकच. चीनच्या या व्यवस्थेच्या २०१४च्या आराखड्यातही कर्जफेड आणि सचोटी अशाच एका शब्दात गुंफल्या आहेत.

— 'सामाजिक गुणांकन' का नको? चर्चा तर गुणांचीच असते.

— कारण देशभर प्रत्येकाच्या कपाळी एक आकडा, असं तिथे नाही. रोंगछंगसारख्या काही शहरांनी १००० गुणांपासून सुरुवात करून प्रयोग केले, तेवढंच. खरा जोर याद्यांवर. ऐपत असून कोर्टाचा निकाल न पाळणाऱ्यांची यादी तिथलं सर्वोच्च न्यायालय २०१३पासून चालवतं. नाव जाहीर, ओळख क्रमांकाचे काही आकडे झाकलेले. विमानाचं नि वेगवान रेल्वेचं तिकीट बंद. लोक अशांना 'लाओलाय' म्हणतात. मराठीत बिनदिक्कत 'कर्जबुडवे' लिहा.

— आता खासगी की वैयक्तिक. चीनच्या नागरी संहितेनेच (लागू १ जानेवारी २०२१) या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्यात. दुसऱ्याला कळू नये असं वाटतं ते खासगी. ज्यावरून माणूस ओळखता येतो ते वैयक्तिक. माझा फोन नंबर दूधवाल्यापासून सगळ्यांकडे आहे, म्हणजे खासगी कसला, पण वैयक्तिक आहेच. म्हणून १ नोव्हेंबर २०२१ला लागू झालेला तो 'वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा'. 'विदा' राखून ठेवा, विदा सुरक्षेचा कायदा तिथे वेगळा आहे, त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला.

— 'क्रेडिट रिपोर्टिंग'लाही (कोण कर्ज कसं फेडतो याच्या नोंदी ठेवणं) 'पतमाहिती' छान बसतं. चीनच्या २०१३च्या नियमावलीने पतमाहिती संस्थांना माणसाचा धर्म, जनुकं, बोटांचे ठसे, रक्तगट आणि आजारपण गोळा करायला बंदी केली. वाईट नोंद ५ वर्षांनी पुसायची. स्वतःचा अहवाल वर्षातून दोनदा फुकट.

— 'कन्सेन्ट'ला मी 'मंजुरी' लिहिलं होतं.

— बदला. मंजुरी वरून खाली येते. माणूस देतो ती संमती. आणि इथे जपून लिहा, कारण सरकारी खातं कायद्याने नेमलेलं काम करत असेल, तर त्याला संमती लागत नाही. नागरिकाला कळवणं मात्र त्याच्यावर सहसा बंधनकारक असतं. 'कळवणे' आणि 'विचारणे' यांत गल्लत झाली तर लेखाचा अर्थच उलटेल.

— राहिलं 'क्रेडिट रिपेअर'. चूक सुधारली की यादीतून नाव काढून घ्यायची सोय. 'पतदुरुस्ती'?

— ते पंक्चर काढल्यासारखं वाटतं. 'पत सावरणे' म्हणा.

— बूंद से गयी वो हौद से नहीं आती, असं आजी म्हणायची. चिनी नियमांना ते मान्य दिसत नाही! 'सावरणे' घेतो.