मोठ्या बँकेत ब्रांचला जॉब, घेऊ का?

घोडबंदरकर: एका मोठ्या प्रायव्हेट बँकेची ऑफर आलीय, नौपाड्यातली ब्रांच, रिलेशनशिप ऑफिसर. आई खूश, बँक म्हणजे दहा ते पाच असं तिला वाटतंय. खरंच कसं असतं?

माजी_कॅशियर: दहा ते पाच कस्टमरला रे! मी वाशीला कॅशला होतो, शटर खाली गेलं की खरं काम सुरू, टॅली होईपर्यंत कोणी हलायचं नाही, एकदा ५०० च्या ४ नोटा कमी आल्या, गपचूप खिशातून भरल्या. दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते, मार्चमध्ये मात्र विसर.

ठाण्याची_ताई: कॅश परवडली पण ते टार्गेट नको बाई. सकाळी मीटिंग, संध्याकाळी "आज किती झालं?" एफडी रिन्यू करायला आलेल्या आजोबांना पॉलिसी चिकटवायची, मी नंतर हळूच सांगायचे की काका, ३० दिवसांत परत करता येते, फ्री लुक असतो. मॅनेजरला कळलं असतं तर संपलंच होतं!

घोडबंदरकर: बापरे. आईला काय सांगू आता?

माजी_कॅशियर: जॉइन हो, पण आयबीपीएसचा, म्हणजे सरकारी बँकांच्या भरती परीक्षेचा, अभ्यास सोडू नको. टार्गेट सरकारी बँकेतही आहेच म्हणा, वर बदली.