प्रोजेक्टरसाठी कोणते पिक्चर विकत घ्यावेत?

मंडळी, घरी फुल एचडी प्रोजेक्टर लावलाय, पडदा 100 इंची. स्ट्रीमिंगवर बघतोच, पण रात्रीच्या सीनमध्ये नुसते चौकोन दिसतात आणि आकाशात पट्टे पडतात, म्हणून आता चांगल्या डिस्क हळूहळू जमवायच्या ठरवल्यात. सुरुवात कशाने करू, मारधाडीचे मोठे पिक्चर की जुने क्लासिक? आणि 4के च घ्यायची का? आईबाबाही बघणारेत.

रिळवेडा: ते चौकोन कमी बिटरेटचे, म्हणजे सेकंदाला चित्राची माहिती कमी येते त्याचे. साध्या ब्लू-रेवर व्हिडिओला सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जागा असते, स्ट्रीमिंगच्या फुल एचडीला बऱ्याचदा दहासुद्धा मिळत नाहीत. तुझ्या प्रोजेक्टरला ब्लू-रे भरपूर झाली, 4के च्या मागे आत्ता लागू नकोस. फक्त रीजन (डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी आहे ते) बघून घे, ब्लू-रेला ए, बी, सी असे कोड असतात आणि चुकीची डिस्क प्लेअर घेतच नाही.

पडद्यामागचा: मी तर म्हणेन आधी पिक्चर शूट कशावर झालाय ते बघायचं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (1962) 65 मिमी निगेटिव्हवर, म्हणजे नेहमीपेक्षा बऱ्याच रुंद फिल्मवर आहे, वाळवंटात लांबून ठिपक्याएवढा उंटस्वार येतो ना, तो टीव्हीवर शोधावा लागतो आणि मोठ्या पडद्यावर त्याची वाट बघत बसतो आपण. असे पिक्चर पहिले घे. उलट 2000 नंतरचे कितीतरी मोठे पिक्चर 2के मध्येच, म्हणजे जवळपास फुल एचडीएवढ्याच बारकाव्यात फायनल झालेत, त्यांची 4के डिस्क म्हणजे ताणून मोठं केलेलं चित्र, जास्तीचे पैसे कशाला. आणि कृष्णधवल सोडू नकोस रे! 'पथेर पांचाली'चं मूळ निगेटिव्ह 1993 च्या आगीत होरपळलं होतं तरी त्यातून जे वाचलं ते आणि इतर प्रती वापरून 2015 मध्ये नवी प्रत आली, ती बघ, आईबाबांसोबतच बघ.

मीनल_के: आकाराचाही विचार कर. तुझा पडदा 16:9 असेल तर उंची साधारण 125 सेमी, पण 2.39 वाला, म्हणजे उंचीच्या 2.39 पट रुंद पिक्चर लावलास की चित्र 93 सेमीच उरतं आणि वरखाली पट्ट्या, त्याही प्रोजेक्टरवर काळ्या नाही, करड्या दिसतात. खोली पूर्ण अंधारी होत नसेल तर सतत काळोखातले पिक्चर नंतर घे, उजेडातले आधी. आणि सबटायटल काळ्या पट्टीत येतात की चित्रावर तेही विचारून घे, मोठ्यांना वाचायला त्रास होतो.

प्रश्नकर्ता: मस्त, मग लॉरेन्सची ब्लू-रे पहिली. खोलीच्या भिंती पांढऱ्या आहेत, खिडक्यांना जाड पडदे लावले तर पट्ट्यांचा करडेपणा कमी होईल का?

मीनल_के: बाहेरचा उजेड थांबेल, पण पडद्यावरून उसळलेला उजेड पांढऱ्या भिंतीवरून परत येतोच. पडद्याजवळच्या भिंती आणि वरचं छत गडद मॅट कर, फरक लगेच दिसेल. तरी थोडा करडेपणा राहणार, तो प्रोजेक्टरचाच असतो.