जळगावच्या स्विफ्टला सतरा इंची मॅगव्हील, सल्ला हवाय

प्रेषक: अमळनेरवाला

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा मेल घुसवतोय, माफ करा, पण इथं डेट्रॉइटला आपलं अर्धं मंडळ गाड्यांच्या धंद्यात आहे म्हणून विचारतो. माझ्या धाकट्या भावानं जळगावला स्विफ्ट घेतली, २०१९ ची व्हीएक्सआय, सेकंड हँड पण एकदम टकाटक. कंपनीची १४ इंची स्टीलची चाकं आहेत, टायर १६५/८० आर१४, वर प्लॅस्टिकच्या कॅपा. त्यातली एक कॅप पारोळ्याच्या पुढं कुठंतरी उडाली आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं अलॉय चाक, शिरलंय. त्याला सरळ १७ इंची पाहिजे, २०५/४५ टायर, दुकानदारानं फोटो पाठवलेत, दिसतं जबरी ह्यात काही वाद नाही. दिवाळीला मी जाणार, पैसे मीच देणार, म्हणून विचारून घेतो.

दुसरं असं की माझ्या गॅरेजमध्ये जुन्या टोयोटा यारिसची १५ इंची अलॉय पडून आहेत, गाडी विकताना स्नो टायरवाली चाकं लावून दिली आणि ही राहून गेली. चार होल, पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास मिमीमध्ये) ४×१००, स्विफ्टचाही ४×१००. तर हीच दोन बॅगांत दोन-दोन टाकून न्यावी का? कोणी नेलीयेत का असं काही?

------

प्रेषक: भुसावळचे काका

सतरा इंच कशाले रे भो?

आधी हे सांग की तुझा भाऊ गाडी कुठं फिरवतो. जळगाव-भुसावळ-धुळे असं हायवेनंच जाणं-येणं असेल तर एक गोष्ट, तो रस्ता आता चौपदरी झाला. पण यावल-रावेरकडे केळीच्या शेतात जात असेल तर दुसरी. पावसाळ्यात काळ्या मातीतला रस्ता, वरून केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर, आणि गावागावात लोकांनी आपल्या मनानं टाकलेले स्पीड ब्रेकर ज्याला ना पट्टा ना पाटी. स्टीलची रिम खड्ड्यात वाकली तर रस्त्यावरचा पंक्चरवालासुद्धा ठोकून चालवण्यापुरती सरळ करून देतो, मॅगव्हील तडकलं म्हणजे संपलं. वेल्डिंग करून देणारे भेटतात पण त्या चाकावर मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही.

आणि बॅगेत चाकं नेऊ नको बाबा. पंधरा इंची एक अलॉय सात-आठ किलोचं, दोन घातली की तेवीस किलोच्या बॅगेत उरलं काय? आईला काय नेणार मग, हातात?

------

प्रेषक: धुळ्याची ताई

काकांनी अर्धं सांगितलंच आहे, उरलेलं मी सांगते कारण माझी नोकरीच चाकं तपासायला फोडायची आहे. मेल लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी १७ इंचाचं. टायरवरच्या आकड्यातला पहिला आकडा म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉल. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, एवढं रबर तुझ्या भावाच्या रिमच्या आणि खड्ड्याच्या मध्ये आहे आज. स्विफ्टच्याच वरच्या व्हेरियंटला, झेडएक्सआयला, कंपनी १८५/६५ आर१५ देते, तिथं १२० मिमी. १६ इंची १९५/५५ घेतलं तर १०७. आणि त्याला पाहिजे ते २०५/४५ आर१७, त्यात ९२. चारही टायरची बाहेरून उंची जवळपास सारखीच आहे, ६१६ ते ६२२ मिमीच्या दरम्यान, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकणार नाही आणि दुकानदार नेमकं हेच सांगून गळी उतरवतो की बघा साहेब साइज बरोबर बसते. साइज बसते हो, पण चार सेंटीमीटर रबर गेलं त्याचं काय. धुळ्याहून शिरपूरकडे रात्री निघालात आणि समोरच्याचा अप्पर डोळ्यात, तेव्हा खड्डा दिसत नाही, कळतो तो थेट रिमलाच.

त्यात आणखी एक गोष्ट जी कोणी विचारतच नाही, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक. १४ इंची टायरवर साइजच्या पुढं ८५ लिहिलेलं असेल तर तो एक टायर ५१५ किलो उचलतो. २०५/४५ आर१७ साध्या टायरमध्ये ८४ ला येतो, म्हणजे ५०० किलो. रुंद टायर, महाग टायर, आणि उचलतो कमी! घ्यायचाच असेल तर एक्सएल (जास्त वजनासाठी बनवलेला) लिहिलेला ८८ चा घ्यावा लागतो, ५६० किलोवाला, पण त्याला हवा जास्त भरावी लागते आणि मग गाडी अजून कडक. लग्नसराईत पाच माणसं, डिकीत आहेराच्या पिशव्या आणि मे महिन्यातलं खान्देशातलं ऊन, हे सगळं धरूनच टायर निवडायचा असतो.

आता यारिसची चाकं. चार होल जुळले म्हणजे चाक जुळलं असं नाही. मधलं भोक, सेंटर बोअर, तेही बघावं लागतं. इथं नशीब चांगलं आहे, यारिस आणि स्विफ्ट दोन्हीचं ५४.१ मिमी. पण बाजारातली बहुतेक मॅगव्हीलं मोठ्या बोअरची येतात, ७३.१ वगैरे, म्हणजे एकच चाक दहा गाड्यांना विकता येतं. मग मधली फट भरायला रिंग लागते, हब रिंग म्हणतात तिला, प्लॅस्टिकची नाहीतर ॲल्युमिनियमची. ती दुकानदार देत नाही, मागितल्याशिवाय तर नाहीच, आणि मग ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंग करकरून दमतो. यारिसचं अडतं ते नटांवर. टोयोटाचा स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) एम१२ × १.५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी, सुझुकीचा १.२५ चा. टोयोटाचे नट सुझुकीवर दोन आटे जातील, मग अडकतील, आणि पाना मारून बसवले तर स्टडचे आटे गेले. तेव्हा चाकं कुठलीही लावा, नट सुझुकीच्या पिचचे आणि त्या चाकाच्या सीटला, म्हणजे नट टेकतो त्या खाचेला, जुळणारे पाहिजेत.

अजून एक, आठ होलवाली चाकं दाखवतात दोन पीसीडीची, ती नीट बनवलेली असतील तर चालतात. पण पीसीडी ९८ चं चाक १०० वर बसवून देणारे महाभाग आहेत, जुन्या फियाटच्या पालिओ-पुंटोला ९८ असायचं. दोन मिमीच तर फरक आहे म्हणतात आणि नट आवळून बसवतात. नट तिरका बसतो, सीटवर पूर्ण टेकत नाही, आणि पुढं कधीतरी सैल होतो. कधी होईल ते सांगता येत नाही म्हणूनच तर भीती.

ऑफसेटही विचारा, म्हणजे हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते, रिमच्या आत ईटी ४५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. समजा आत्ता साडेपाच इंच रुंद रिम आहे ईटी ४५ ची आणि दुकानदार देतोय सात इंची ईटी ३८. रुंदीमुळे दोन्ही बाजूंना १९-१९ मिमी वाढलं, ऑफसेट घटला म्हणून सगळं चाक ७ मिमी बाहेर सरकलं, म्हणजे बाहेरच्या बाजूला २६ मिमी आणि आत १२. मागं तिघं बसले की टायर फेंडरला घासतो, आणि बेअरिंगवर पडणारा ताण रोजचाच.

------

प्रेषक: शिरपूरवाला

ताई एक नंबर. माझ्या सासऱ्यांच्या गाडीला १७ इंची आहेत, कंपनीतूनच आलेली, एसयूव्ही आहे, तिथं साइडवॉल भरपूर असते म्हणून चालतं. इंच बघून गाड्यांची तुलना करू नका एवढंच.

उन्हाचं पण लिहितो कारण तिकडे लोक चुकीचं करतात. जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, दुपारी पंपावर हवा बघितली की ३३ ची ३८ दिसते, मग माणूस घाबरून हवा सोडतो. सोडायची नाही! दारावर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, सकाळी गाडी काढायच्या आधीचा. गरम टायरमधून हवा काढली तर सकाळी टायर बसकट, आणि कमी हवेचा टायर जास्त वळतो, जास्त तापतो, फुटतो तो असाच. बारीक साइडवॉलच्या टायरला तर कमी हवा अजिबात चालत नाही, खड्ड्यात थेट रिम लागते.

------

प्रेषक: मंडळ सचिव

मंडळी चर्चा छान चाललीये, चालू द्या, फक्त ज्यांनी शनिवारच्या भरीत पार्टीला वांगी आणायचं कबूल केलंय त्यांनी मला वेगळा मेल करा. इथली जांभळी लंबुळकी नकोत, हिरवी मोठी पाहिजेत, इंडियन स्टोअरला सांगून ठेवलंय.

------

प्रेषक: अमळनेरवाला

ताईंचा मेल भावाला वाचून दाखवला फोनवर. त्याचा व्हॉइस मेसेज आला, पहिलं वाक्य, "तुम्ही बठ्ठा मिळीसन मन्हा मांगे काबर लागनात?" (तुम्ही सगळे मिळून माझ्या मागे का लागलात?) मग दहा मिनिटं भांडला. तो ठिबकचं काम बघतो, म्हणजे रोज चोपडा, यावल, रावेर, आणि शेतापर्यंत गाडी न्यावीच लागते, काका तुमचा अंदाज बरोबर. आता १५ वर आलाय, पण म्हणतो स्वस्तातला सेट बघू, जळगावातच कोणाकडे तरी बिनब्रँडची चाकं आहेत, चमकतात म्हणे आरशासारखी. कायद्याची काही भानगड आहे का ह्यात? आणि चांगलं चाक ओळखायचं कसं, सगळी सारखीच दिसतात.

------

प्रेषक: धुळ्याची ताई

चमक बघायचीच नाही, चाक उलटं करून आतून बघायचं. आतल्या बाजूला, स्पोकच्या मागं, कास्टिंगमध्ये उमटवलेली अक्षरं असतात. साइज, ऑफसेट, बनवणाऱ्याची खूण, जास्तीत जास्त लोड किलोमध्ये. जपानी स्टँडर्डची चाकं असतील तर जेडब्ल्यूएल, सोबत व्हीआयए असेल तर बाहेरच्या संस्थेनं तपासलंय असा अर्थ. भारतात आयएसआय मार्क बघा, रिमवरही आणि टायरवरही. नुसतं स्टिकर असेल आणि धातूत काहीच नसेल तर ठेवा खाली. लोडचा आकडा चार चाकांचा मिळून गाडीच्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त असून भागत नाही, पुढच्या एक्सलवर वजन जास्त पडतं, तेव्हा भरल्या गाडीच्या जड एक्सलचं निम्मं वजन एका चाकानं पेललं पाहिजे.

हे आकडे काही हवेतून येत नाहीत. आमच्याकडे चाक तीन प्रकारे छळतात. एक, हबला दांडा लावून वाकवायचा जोर देत फिरवत ठेवायचं लाखो फेरे, वळणावर जो ताण येतो तो हाच. दोन, टायर चढवून, वजन टाकून ड्रमवर पळवायचं. तीन, इम्पॅक्ट, चाक तेरा अंशांत तिरकं धरायचं आणि वरून वजनाचा ठोकळा थेट रिमच्या कडेवर सोडायचा. बिनब्रँडचं चाक बहुतेक ह्या तिसऱ्यात जातं कारण ओतताना आत हवेचे बुडबुडे राहिलेले असतात, बाहेरून पॉलिश मारलं की दिसत नाहीत, तडा मात्र तिथूनच सुरू होतो. आणि अलॉय म्हणजे हलकं हाही गैरसमज आहे, स्वस्तातलं ओतीव १७ इंची चाक १४ च्या स्टीलपेक्षा जड निघू शकतं, मग ॲव्हरेजही गेलं आणि सस्पेन्शनही.

------

प्रेषक: भुसावळचे काका

कायद्याचं मी सांगतो. मोटर व्हेइकल ॲक्टचं कलम ५२ आहे, कंपनीनं जी मूळ स्पेसिफिकेशन दिली त्यापासून वेगळं होईल असा फेरफार गाडीत करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ते पक्कं केलं. आता रस्त्यावर कोणी टायर मोजत बसत नाही हे तुलाही माहीत आणि मलाही. पण ॲक्सिडेंट झाला की इन्शुरन्सचा सर्व्हेअर येतो आणि तो मात्र मोजतो. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जी साइज देते तीच घ्यायची, १८५/६५ आर१५, आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवून चाकं पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून टाकून घ्यायची. चोरीला गेली तरच आठवतं लोकांना. बिल पक्कं घे, कच्च्या चिठ्ठीवर नको.

कंपनीची झेडएक्सआयची चाकं शोरूमच्या पार्ट काउंटरला विचार, कधीकधी लोक नव्या गाडीची काढून मोठी टाकतात आणि कोरी चाकं विकतात, तसा सेट भेटला तर सोनं. फक्त रिमची कड हात फिरवून बघ, चाक बॅलन्सिंग मशीनवर लावून फिरवून बघ, डगमगलं तर सोडून दे.

------

प्रेषक: अमळनेरवाला

ठरलं. कंपनीचंच १५, टायर ८८ लोडचे, नट त्या चाकांबरोबरचेच. यारिसची चाकं इथं कोणाला हवी असतील तर फुकट घेऊन जा, शनिवारी भरीत पार्टीला डिकीत घेऊन येतो. भाऊ अजून फुगलेला आहे पण त्याला म्हटलं उरलेल्या पैशांत सीट कव्हर घे.

शेवटचं, जुनी स्टीलची विकून टाकू का? दुकानदार एक्स्चेंज देतोय.

------

प्रेषक: भुसावळचे काका

तीन दे, एक ठेव. स्टेपनीला तीच राहू दे, उंचीत दोन मिमीचाच फरक आहे, पंक्चर झालं तर टायरवाल्यापर्यंत हळूहळू नेईल. पण तिचे जुने नट कापडात बांधून जॅकपाशी ठेवायला सांग, मॅगव्हीलचे नट तिला नीट बसतील ह्याची खात्री नाही. आणि नवी चाकं बसवली की शंभरेक किलोमीटरनंतर नट परत आवळायचे, टॉर्क रेंचनं (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढेच, पान्यावर उभं राहून नाही.

वांगी मी आणतोय, सचिवसाहेब नोंद घ्या.