मदत हवी आहे: ८० च्या वर गेलं की गाडी थरथरते

मंडळी, सेकंडहँड फोर बाय फोर घेऊन दोनच महिने झालेत, ७५ पर्यंत एकदम मस्त पळते पण ८०-९० ला सीटखालून अशी थरथर सुरू होते की आरशात मागचं काही नीट दिसत नाही, आणि ११० च्या पुढे बरीच कमी होते. स्टिअरिंग मात्र शांत. चारही चाकं बॅलन्स केली, पुढची मागे टाकली, काहीच फरक नाही. न्यूट्रलवर सोडली तरी थरथर तशीच, उभ्या गाडीत रेस दिली तर काही नाही, म्हणजे इंजिन यातून सुटलं असं धरतोय.

आधीच्या मालकाने गाडी २ इंच उचललीय (मला नंतर कळलं, माझाच गाढवपणा), त्यामुळे मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) अँगल बदलला असणार. शाफ्टच्या सांध्यांमधले क्रॉस हलवून पाहिले, प्ले (ढिलेपणा) नाही, पण शाफ्टवर एका जागी वेल्डिंगचा नुसता डाग दिसतोय, बॅलन्सिंगचं वजन उडालं असेल का? मेकॅनिक थेट ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) उघडायला निघालाय, ते काही पटत नाही.

फोर बाय फोर सिस्टीम पार्ट टाइम आहे (एरवी फक्त मागच्या चाकांना ताकद), तर पुढचा शाफ्ट काढून टू व्हीलवर चालवून बघू, की आधी मागचाच बॅलन्सिंगला देऊ? आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत लागतात ना?